नमुना कोठडीची किल्ली

फुंकऱ्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. लोकांची कुलपं त्यांना न विचारता उघडायची, हा ज्या काळात त्याचा धंदा होता, त्या काळात दोस्तांनी त्याला हे नाव दिलं. म्हणे हा नुसती फुंकर मारतो आणि कुलूप गळून पडतं. तसं काही नव्हतं, हातात एक वाकडी तार असायची. पण नाव एकदा पडलं की पडलं. पुढे एका दारामागे तिजोरीऐवजी पोलीस निघाला, तीन वर्षांची शिक्षा झाली, ती त्याने भोगली, आणि बाहेर आल्यावर त्याला नोकरी मिळाली ती कुठे? विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विभागात. शिपाई म्हणून. वरच्यालाही थट्टा करायची हौस असते, दुसरं काय!

या गोष्टीला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं तो तात्पुरताच होता. दर वर्षी त्याला कायम करायची फाइल निघायची आणि दर वर्षी फटके सर तिच्यावर तीनच शब्द लिहायचे : ‘वृत्ती शिल्लक आहे.’ की फाइल परत कपाटात.

फटके सर हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. गुन्हा झाला की शिक्षा झालीच पाहिजे, मापून झाली पाहिजे, आणि तिच्यात एका मिनिटाची सूट मिळता कामा नये, असं सरांचं म्हणणं. कैद्यांना चांगल्या वागणुकीबद्दल जी सूट मिळते तिच्याविरुद्ध त्यांनी चारशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या समोरच्या खोलीत माफीबाई. त्यांच्या मते गुन्हेगार म्हणून कुणी नसतोच, असते ती परिस्थिती. या दोघांचं वीस वर्षं वाजत होतं. परिषदांमध्ये, मासिकांमध्ये आणि व्हरांड्यात. दोघांना चहा मात्र एकाच किटलीतून जायचा आणि तो फुंकऱ्या न्यायचा.

आता फुंकऱ्याला कायम व्हायची एवढी घाई का, ते सांगतो. त्याची बायको पोरीला घेऊन आईकडे राहत होती. भांडण नव्हतं. पण सासूबाई खमक्या. त्यांनी जावयाला उंबऱ्यावरच सांगितलं होतं, “कायम झाल्याचा कागद दाखवा आणि बायकोपोर घेऊन जा. तोवर चहा प्या आणि निघा.” बायकोनेही स्वतःची एक अट घातली होती : कुलपाला त्याच्या स्वतःच्या किल्लीशिवाय हात लावायचा नाही. फुंकऱ्याने ती अशी पाळली की एकदा स्वतःच्याच खोलीची किल्ली आत राहिली, तर दुसरी किल्ली ज्याच्याकडे असायची तो शेजारी येईपर्यंत गडी तीन तास पायरीवर बसून राहिला. जे कुलूप त्याने डोळे मिटून उघडलं असतं, त्याच्याकडे बघत!

यंदा तर पाणी गळ्याशी आलं होतं. वरून आदेश आला होता की रिकामी जागा महिनाअखेरीपर्यंत भरा, नाहीतर ती रद्द. महिन्याचा शेवटचा दिवस आज. तीन वाजता बैठक. विभागप्रमुख, माफीबाई आणि फटके सर, तिघांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. एक जरी नसली तरी कागदाची रद्दी आणि फुंकऱ्या घरी.

व्हरांड्याच्या टोकाला विभागाचं संग्रहालय होतं आणि त्यात होती नमुना कोठडी. जुना तुरुंग पाडला तेव्हा त्याचं एक लोखंडी दार विभागाने मागून आणलं आणि त्यामागे मापात कोठडी बांधली : बाकडं, घोंगडी, मडकं. दाराला चेहऱ्याच्या उंचीवर ताट सरकवण्याएवढी झडप, तिच्या खाली हातभर अंतरावर कुलूप. दार लोटलं की ते आपोआप लागायचं आणि फक्त बाहेरून उघडायचं. आत भिंतीवर घड्याळ होतं, ते सरांनी काढायला लावलं होतं. कैद्याला वेळ कशाला कळायला हवी? त्याला कुठे गाडी पकडायची आहे, असं ते म्हणाले होते.

त्या सकाळी फुंकऱ्याने कुलपाला तेल घातलं, किल्ली पुसली, आणि तेवढ्यात घंटा वाजली म्हणून ती शर्टाच्या आतल्या खिशात टाकून चहा करायला पळाला. किल्लीची जागा म्हणजे प्रमुखांच्या खोलीतला सात नंबरचा खिळा. तिथे ती अडकवायची राहून गेली. चूक झाली ती एवढीच, आणि ती कुणाच्याही हातून झाली असती.

बाराला फटके सर मुलांना घेऊन संग्रहालयात आले. विषय : तुरुंग ही शिक्षा आहे की पाहुणचार.

“बघा,” सर कोठडीत शिरत म्हणाले, “बाकडं आहे, घोंगडी आहे, पाणी आहे. कुणी कटकट करत नाही, फोन नाही. मला विचाराल तर मी इथे बसून आणखी एक पुस्तक लिहीन.” आणि आपण किती मजेत आहोत हे दाखवायला त्यांनी दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

खट्!

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलं खूश. सरांनी झडपेतून पाच मिनिटं व्याख्यान दिलं आणि म्हणाले, “चला, उघडा आता.” एक मुलगी प्रमुखांकडे धावली.

फुंकऱ्या तेव्हा चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून येत होता. त्याने सगळं ऐकलं, खिशावर हात ठेवला आणि किल्ली हाताला लागली. आता खरं सांगायचं तर त्याला गुदगुल्या झाल्या. सहा वर्षं ‘वृत्ती शिल्लक आहे’ लिहिणारा माणूस आत आणि किल्ली आपल्या खिशात! बसू दे की दोन मिनिटं, काय बिघडतंय? त्याने सावकाश एकेकाला चहा दिला. सरांचा बिनसाखरेचा कप झडपेतून आत सरकवला. पुरेशी मजा झाली असं वाटल्यावर त्याने खिशात हात घातला आणि तोंड उघडलं, “सर, ती किल्ली...”

“किल्ली चोरीला गेली!” विभागप्रमुख धापा टाकत दारात उभे होते.

खोलीतल्या सगळ्या माना फुंकऱ्याकडे वळल्या. आणि माणसं शिकलेली ना, म्हणून लगेच दुसरीकडे वळल्या. कुणी छताकडे पाहिलं, कुणी चहाकडे. ते बघणं एक वेळ परवडलं असतं. ते नजर चोरणं फुंकऱ्याला झोंबलं. त्याचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. आता किल्ली काढली तर कोण म्हणणार होतं की ती सकाळपासून तिथेच राहिली आहे? दोन मिनिटांत भला माणूस चोर झाला होता आणि चोरीचा माल छातीवर धडधडत होता.

मग सुरू झाला तमाशा. मुलांनी प्रमुखांची खोली गुन्ह्याची जागा म्हणून बंद केली आणि सात नंबरच्या खिळ्यावर पावडर फुंकून ठसे घेतले. ठसे निघाले फुंकऱ्याचे. निघणारच, रोज किल्ल्या टांगायचा तोच! व्हरांड्यात खडूने चौकोन आखून एकेक चौकोन तपासून झाला. म्हणजे किल्ली गुपचूप खिळ्याला लावायची सोय गेली आणि जमिनीवर टाकून ‘अरेच्चा, ही काय’ म्हणायचीही गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे अख्खा गाव वळसा घालत होता आणि काखेतला कळसा चटके देत होता.

प्रमुखांना वेगळीच काळजी. “हे बघा, चोरी असं कुणी लिहू नका. आपल्या विभागात गुन्ह्यांचं प्रमाण गेली अकरा वर्षं शून्य आहे. ‘किल्ली जागेवर आढळली नाही’ असं लिहा.”

“म्हणजे नोंद बदलली की गुन्हा नाहीसा?” झडपेतून सर गरजले.

“पोलीसही असंच करतात,” प्रमुख म्हणाले. “तुमच्याच पुस्तकात आहे.”

एक मुलगा म्हणाला, खिडकीची फुटलेली काच बदलली नाही की तीच वस्तीतल्या चोरांना आमंत्रण देते. गेल्या महिन्यात खडूंचा डबा गेला तेव्हाच आपण बोलायला हवं होतं. दुसरी म्हणाली, खडू तूच नेलेस. त्यावरून जुंपली. कुलूपवाल्याला फोन झाला. त्याने फोटो मागवला आणि हसत सुटला. “हे माझ्या आजोबांच्या वयाचं आहे साहेब. कापायलाच लागेल. पाचला येतो.”

पाच! फुंकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीनची सही आत अडकली होती. एवढी वर्षं ज्या माणसाने आपल्याला दाराबाहेर ठेवलं, तो आज दाराआड होता आणि त्याच्याशिवाय आपलं पान हलत नव्हतं.

माफीबाईंनी त्याला हळूच खिडकीपाशी नेलं. त्या त्याला नेहमी ‘तुम्ही’ म्हणायच्या, आणि इतक्या मायेने की त्याला आपण आजारी आहोत की काय असं वाटायचं. “दादा, मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही घेतली असेल तर त्यात तुमचा दोष नाही. तुमचं बालपण...”

“माझं बालपण चांगलं गेलं हो मॅडम,” फुंकऱ्या कळवळून म्हणाला. “वडील गणिताचे मास्तर होते. मलाच कुलपं आवडायची.”

“हो, हो,” बाई त्याच्या हातावर थोपटत म्हणाल्या, “असंच वाटतं. मी तुम्हाला माफ केलंय.”

त्यांच्यापाशी सगळं ओकून मोकळं व्हावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं होतं. पण बाईंच्या लेखात तो ‘प्रकरण क्रमांक चार’ होता, हे त्याने झाडू मारताना वाचलेलं. आज कबूल केलं असतं तर माफी इथे मिळाली असती आणि पुढच्या अंकात छापून आली असती. आणि मुख्य म्हणजे त्याला राग आला होता. विचारायचं तरी! चोर म्हणा, पण आधी विचारा. न विचारता माफ कसं करतं माणूस?

एक वाजला. डब्यांची वेळ झाली आणि एकेक करत सगळे निघून गेले. “सर, आलोच,” म्हणत प्रमुखही गेले. वादविवाद कितीही तापला तरी भूक लागतेच, आणि आतल्या माणसाला भूक लागली असेल हे बाहेरच्याच्या लक्षात यायला वेळ लागतो. फुंकऱ्याने आपल्या डब्यातलं अर्धं झडपेतून आत दिलं आणि स्टूल ओढून दाराशी बसला.

थोडा वेळ आतून नुसता खाण्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “किती वाजले रे? तीन तर वाजून गेले असतील.”

“एक वाजून सहा मिनिटं.”

“शक्य नाही.”

“घड्याळ नसलं की असंच होतं सर. मला पहिल्या दिवशी वाटलं, आठवडा झाला.”

“मग काय करायचास?”

“पावलं ऐकायचो. कोण येतंय ते ओळखायचं. नाहीतर दाराचे खिळे मोजायचे. ह्या दाराचेही मोजलेत, एकतीस आहेत.”

“बत्तीस,” आतून आवाज आला. “एक गंजलाय, तो तू धरला नसशील.”

फुंकऱ्याला हसू आलं आणि लगेच गिळावंसं वाटलं. सर झडपेशी आले. तासाभरात माणूस वर्षभर आजारी असल्यासारखा दिसत होता. “ऐक. तुला हे उघडता येईल. तारेने. कुणाला सांगणार नाही मी.”

“तुम्हीच फाइलवर लिहिलंय सर, वृत्ती शिल्लक आहे म्हणून.”

“लिहिलंय,” सर म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

तेवढ्यात मंडळी जेवून परतली आणि माफीबाईंना जेवताना नेमकी तीच युक्ती सुचली होती. “दादांना उघडू द्या! समाजाने त्यांचं कौशल्य वाईट मार्गाला लावलं, आपण चांगल्या मार्गाला लावू!” एका मुलीने केसातली पिन काढून पुढे केली. सगळे गोल करून उभे राहिले. कधी नाही ते पुस्तकाबाहेरचा घरफोड्या कामाला लागलेला बघायला मिळणार होता!

फुंकऱ्या पिन हातात घेऊन उभा राहिला. त्या पिनेने त्याने ते कुलूप अर्ध्या मिनिटात उघडलं असतं. पण बायकोला दिलेला शब्द होता, आणि पोरगी मोठी होत होती. तो लोकांकडे पाठ करून कुलपापाशी गुडघ्यावर बसला. पिन वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. डाव्या हाताने खिशातली किल्ली तळव्यात घेतली, पिनेच्या आडून कुलपात घातली, दोनदा उगीच खुडबुड केली, घसा खाकरला आणि फिरवली.

खट्! दार उघडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. “केवढं हे कौशल्य!” माफीबाईंचे डोळे भरून आले.

फुंकऱ्याने मान वर केली. झडपेतून सर थेट त्याच्या तळहाताकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं असतं. इथे तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

“सगळ्यांनी बाहेर जा,” सर बाहेर येत म्हणाले. “ह्याच्याशी मला बोलायचंय.” मंडळी कुजबुजत गेली. सरांनी आधी संग्रहालयाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं. “सव्वा तास. किल्ली कधीपासून होती?”

“सकाळपासून.” आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं म्हणजे फुंकऱ्या थकला होता. “खिळ्याला लावायची राहिली सर. तुम्ही अडकलात तेव्हा दोन मिनिटं मजा म्हणून दिली नाही, ते मी केलं. पुढे द्यायला निघालो तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथून पुढे भीती होती.”

“आणि पिन?”

“किल्लीशिवाय कुलपाला हात लावत नाही मी. बायकोला शब्द दिलाय.”

सरांनी हात पुढे केला. फुंकऱ्याने किल्ली दिली. सासूबाईंचा उंबरा, पोरीची वेणी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. संपलं, तो मनात म्हणाला.

“गुन्हा कबूल आहे?”

“आहे सर.”

“शिक्षा सव्वा तास. चल आत.”

फुंकऱ्या आत गेला आणि बाकड्यावर बसला. दार खट् झालं. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मग सर चक्क बसून राहिले. माफीबाई दोनदा भांडायला आल्या, “हा अमानुषपणा आहे,” म्हणाल्या. सर म्हणाले, “त्याला विचारा.” फुंकऱ्या आतून म्हणाला, “मी मजेत आहे मॅडम,” आणि बाईंना ते अजिबात आवडलं नाही.

दहा मिनिटं झाली असतील, झडप सरकली. “दहा मिनिटं झाली,” सर म्हणाले आणि झडप बंद. पुन्हा थोड्या वेळाने, “वीस.” त्याने विचारलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी, न चुकता. तिसऱ्या वेळी झडपेतून चहाचा कप आला. बिनसाखरेचा. सरांना दुसरा करता येत नसावा.

“साठ,” सर म्हणाले आणि कुलपात किल्ली फिरली.

“सर, अजून पंधरा मिनिटं बाकी आहेत.”

“चांगल्या वागणुकीची सूट.”

“पण तुमचं पुस्तक...”

“गप बस! तीनला बैठक आहे. तोंड धू, शर्ट नीट कर.”

तीनला फाइल निघाली. माफीबाईंनी सही करण्याआधी अर्धं पान लिहिलं : परिस्थिती, बालपण, संधी, समाजाची जबाबदारी. प्रमुखांनी लिहिलं, ‘किल्ली आढळली. गुन्हे शून्य.’ मग फाइल सरांकडे गेली. फुंकऱ्या दाराशी ट्रे घेऊन उभा होता. सरांनी आपल्याच हस्ताक्षरातल्या सहा ओळी वाचल्या, वृत्ती शिल्लक आहे, वृत्ती शिल्लक आहे, आणि त्यांच्याखाली एक नवी ओळ लिहून सही केली.

फाइल कपाटात ठेवायचं काम फुंकऱ्याचंच. व्हरांड्यात आल्यावर त्याने ती उघडली.

‘शिक्षा पूर्ण भोगून झाली आहे. काही शिल्लक नाही.’

ते तीन वर्षांबद्दल होतं की त्या एका तासाबद्दल, हे त्याला कळलं नाही. पण तुरुंगाच्या दारातून बाहेर पडल्यापासून हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं, बायकोनेही नाही. खिडकीपाशी जाऊन त्याने डोळे पुसले, मग बायकोच्या माहेरी फोन लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

“काय काम आहे?”

“ट्रंक भरायला सांगा,” फुंकऱ्या म्हणाला.